कृष्णधवल गुन्हेपट: छायाचित्रकाराचा काळोख कुठला आणि खराब प्रतीचा कुठला?

गच्चीवरचा_पडदा (धागाकर्ता)

'महल' (1949) पासून 'वह कौन थी' (1964) पर्यंत मुंबईत गुन्हा, रहस्य आणि प्रेमकथा एकत्र बांधलेले जे कृष्णधवल सिनेमे निघाले, त्यांच्या गाण्यांवर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय. चित्रावर मात्र फारच कमी. मला याचं एक कारण साधं वाटतं: बहुतेकांनी ते चित्र धड पाहिलेलंच नाही. फुकटात मिळणाऱ्या प्रतीत 'बाजी' (1951) किंवा 'सीआयडी' (1956) बघताना जो काळोख दिसतो, त्यातला बराचसा छायाचित्रकारानं केलेला नसतो. तो वारंवार प्रती काढण्यातून, चुकीच्या स्कॅनिंगमधून आणि आपल्याच टीव्हीच्या सेटिंगमधून येतो.

म्हणून हा धागा. प्रत कशी ओळखायची, घरी काय दुरुस्त करता येतं, आणि दुरुस्त झाल्यावर पडद्यावर नेमकं काय बघायचं, हे इथे जमा करूया. रहस्यपटांचे शेवट कृपया फोडू नका.

सुरुवात माझ्याकडून. रात्रीच्या प्रसंगात नायकाच्या काळ्या कोटाकडे बघा. कॉलर खांद्यापासून वेगळी दिसते का? शिवण, बटण, घडी काही कळतं का? चांगल्या प्रतीत कोट काळाच असतो, पण कापडाचा पोत त्यात शिल्लक असतो. सगळा मिळून एकच डाग दिसत असेल तर सावलीतला तपशील प्रतीतच मेलाय. मग पांढऱ्याकडे वळा. साडीच्या निऱ्या किंवा सदऱ्याच्या बाह्या नुसत्या पांढऱ्या ढेकळासारख्या दिसत असतील, तर दुसऱ्या टोकाचीही वाट लागलेली आहे. दोन्ही टोकं एकदम गेलेली असली की समजा, प्रत थिएटरसाठी काढलेल्या प्रिंटवरून उतरवलीय.

नेगेटिव्ह

प्रिंटवरून उतरवलेली प्रत ओळखायची आणखी एक पक्की खूण सांगतो. साधारण दर दहा किंवा वीस मिनिटांनी, रीळ संपताना, उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका क्षणभर चमकतो आणि सात-एक सेकंदांनी पुन्हा चमकतो. ऑपरेटरनं दुसरं प्रोजेक्टर सुरू करायचं, मग त्यावर बदली करायची, यासाठीच्या या खुणा. 35 मिमीचं 1000 फुटी रीळ सेकंदाला 24 चौकटींच्या वेगानं 11 मिनिटं चालतं, 2000 फुटी 22 मिनिटं. मूळ नेगेटिव्हवरून केलेल्या स्कॅनमध्ये हे ठिपके बहुधा नसतातच.

धुळीचंही तसंच. चित्रात पांढरा कण दिसला तर धूळ नेगेटिव्हवर होती (तिथून उजेड अडला, प्रिंटवर ती जागा पांढरी राहिली). काळा कण दिसला तर धूळ प्रिंटवर आहे. पांढरे कण भरपूर आणि काळेही भरपूर, म्हणजे बऱ्याच हातांतून गेलेला माल.

काळोख बिघडतो तो का? कॅमेऱ्यातलं नेगेटिव्ह सौम्य असतं, त्यात सावलीपासून उजेडापर्यंत खूप पायऱ्या मावतात. थिएटरची प्रिंट मुद्दाम तीव्र बनवलेली असते, कारण ती अंधाऱ्या हॉलमध्ये जोरदार आर्कच्या उजेडात पडद्यावर पडायची असते. ती तशी बघायला उत्तम. पण तिच्यावरून पुन्हा नेगेटिव्ह काढलं, त्यावरून पुन्हा प्रिंट, मग ती टेलिसिनेवर (फिल्मचा व्हिडिओ करणारं यंत्र) लावून व्हिडिओ, असं केलं की प्रत्येक टप्प्यावर तीव्रता आणि दाणा (फिल्मवरचे बारीक कण) वाढत जातो, मधल्या करड्या छटा गळतात. दर्जाचा उतरता क्रम असा: मूळ कॅमेरा नेगेटिव्ह, त्यावरून काढलेली फाइन ग्रेन मास्टर (बारीक दाण्याची पॉझिटिव्ह प्रत), तिच्यावरून काढलेलं ड्यूप म्हणजे दुय्यम नेगेटिव्ह, थिएटर प्रिंट. आपल्याकडे एक घात असा झाला की चाललेल्या सिनेमांच्या प्रिंटा थेट मूळ नेगेटिव्हवरूनच काढत राहिले. जो सिनेमा जास्त चालला, त्याचं नेगेटिव्ह जास्त झिजलं.

खिडकीतला_झोत

माहितीबद्दल आभार. पण घरी टीव्हीवर नेमकं काय बदलायचं? माझ्या टीव्हीवर माणसं जाड दिसतात आणि कॅमेरा फिरला की सगळं मालिकेसारखं गुळगुळीत वाटतं.

गच्चीवरचा_पडदा

दोन वेगळे रोग आहेत. एकेक घेऊ.

जाडी: त्या काळातली चौकट 1.37:1, म्हणजे जवळजवळ चौकोनी. टीव्ही 16:9, म्हणजे 1.78:1. डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसायलाच हवेत. ते नकोत म्हणून चित्र ताणलं तर सगळं 30 टक्के रुंद होतं. तपासायचं तर चाक, घड्याळ, ग्रामोफोनची तबकडी बघा, गोल आहे की अंडाकृती? टीव्हीत 'वाइड', 'झूम', 'ऑटो' असलं काही लावलेलं असेल तर काढून 'ओरिजिनल' किंवा '4:3' करा.

याहून वाईट म्हणजे प्रतच वरून-खालून कापलेली असणं. 1.37 ची चौकट कापून 1.78 केली की उंचीचा 23 टक्के भाग जातो. चाक गोलच राहतं, माणूसही ठीक दिसतो, त्यामुळे लक्षात येत नाही, पण कपाळं उडतात, नाचातली पावलं उडतात, आणि छतावरून लोंबणारा दिवा, ज्याच्यासाठी अख्खी चौकट रचली, तोच गायब होतो. यावर घरी इलाज नाही. दुसरी प्रत शोधा. 'फुल एचडी' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या प्रतींत हे फार आढळतं. जुन्या डीव्हीडीतली कमी रेषांची पण पूर्ण चौकट मला त्यापेक्षा केव्हाही मान्य.

गुळगुळीतपणा: टीव्ही दोन चौकटींमध्ये स्वतःच्या मनानं चौकटी घुसवतो. प्रत्येक कंपनीचं त्याला वेगळं नाव आहे, पण सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द असलेलं जे काही असेल ते बंद करा. सोबत:

- पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'.
- शार्पनेस शून्य. (काही टीव्हींत मधला आकडा म्हणजे शून्य असतो. अक्षरांच्या कडेला पांढरी किनार दिसेनाशी होईपर्यंत खाली आणा.)
- नॉइज रिडक्शन बंद. ते दाणा पुसतं, आणि दाण्याबरोबर त्वचाही पुसतं.
- डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद.
- कलर टेंपरेचर 'वॉर्म'. करडा रंग निळसर दिसता कामा नये.
- लॅपटॉप एचडीएमआयनं जोडला असेल तर दोन्हीकडे रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्या) एकच हवी. लॅपटॉप 'लिमिटेड' पाठवतो आणि टीव्ही 'फुल' समजतो, तर काळं राखाडी दिसतं. उलट झालं तर सावल्या गिळल्या जातात. आधी वर सांगितलेली कोटाची परीक्षा करा, नापास झाली तर पहिल्यांदा ही जागा तपासा, प्रतीला दोष नंतर.

खोलीत दिवा नको. ठेवायचाच तर टीव्हीच्या मागे मंद ठेवा.

मंद्रसप्तक

चित्राचं झालं, गाण्यांचं काय? इथे एक गडबड आहे जी कानाला खटकते पण कारण कळत नाही.

सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा. आपल्याकडची टीव्हीची जुनी पद्धत, पाल, सेकंदाला 25 ची. त्यामुळे पालसाठी उतरवताना सिनेमा सरळ 25 नं पळवतात. वेग 4.17 टक्के वाढतो, 150 मिनिटांचा सिनेमा 144 मिनिटांत संपतो, आणि स्वर सुमारे 0.7 सेमीटोन चढतो. जवळजवळ अर्धा स्वर म्हणा ना. गीता दत्तचा आवाज बारीक, घाईत असल्यासारखा वाटतो आणि हेमंतकुमारांच्या आवाजातलं वजनच जातं.

उपाय: व्हीएलसीमध्ये वेग 0.96 करा. पण तेवढ्यानं स्वर उतरणार नाही, कारण व्हीएलसी वेग बदलताना पट्टी मुद्दाम तीच ठेवतं. प्रेफरन्सेसच्या ऑडिओ विभागात 'टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ'ची खूण काढा, मग वेग आणि स्वर दोन्ही जागेवर येतात. त्याच प्लेअरमध्ये कीबोर्डवर 'ए' दाबलं की चौकटीचं प्रमाण बदलतं आणि 'डी' दाबलं की आडव्या कंगव्यासारख्या रेषा जातात, हेही लगे हाथ सांगून ठेवतो.

फक्त आधी खात्री करा की प्रत खरंच पळवलेली आहे. रेकॉर्डवरच्या गाण्याशी लांबी ताडून बघू नका! 78 च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावायची. म्हणून सिनेमातल्या गाण्यात कितीदा एखादं कडवं किंवा वाद्यमेळाचा तुकडा जास्त असतो, आणि रेकॉर्डसाठी वेगळं ध्वनिमुद्रणही झालेलं असतं. लांबी नको, पट्टी ताडा. पेटी किंवा तानपुऱ्याचं अ‍ॅप घ्या आणि षड्ज लावून बघा.

आणखी एक विनंती. '5.1' असं लिहिलेला ध्वनी निवडू नका. मूळ ध्वनी एकाच वाटेचा, फिल्मच्या कडेला प्रकाशानं छापलेला. त्याची खरखर काढण्यासाठी फिल्टर लावला की बासरीची फुंक आणि झांजेची कड आधी मरते. 'महल'च्या 'आएगा आनेवाला'त लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या, तेव्हा तो लांबून येणारा आवाज मिळाला. ते अंतर कृत्रिम घुमारा चढवलेल्या प्रतीत ऐकूच येत नाही, सगळंच एकसारखं लांब वाटतं.

अंधेरी_पूर्व

सगळं मान्य, पण एवढं काय त्यात? पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या, धूर, क्लबमधली गायिका, ओल्या रस्त्यावरचे दिवे हे सगळं हॉलीवूडनं 1944-46 मध्येच करून ठेवलं होतं. 'बाजी'वर 'गिल्डा'ची (1946) छाप आहे हे तर उघड आहे.

नेगेटिव्ह

कथेच्या बाबतीत बरोबर, पण प्रकाशाचा रस्ता अमेरिकेमार्गेच आला असं नाही. हॉलीवूडच्या गुन्हेपटांची सावली ज्या जर्मन परंपरेतून आली, तिचा एक माणूस थेट मालाडमध्ये बसला होता. योसेफ विर्शिंग, म्युनिकचे. हिमांशू राय यांनी 1934 मध्ये बॉम्बे टॉकीज उभी केली, तेव्हापासून तिथे छायाचित्रण त्यांचं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना स्थानबद्ध केलं, सुटल्यावर ते परत कामाला लागले आणि 'महल' त्यांनीच चित्रित केला. त्यातला मोठा वाडा, झोपाळा, झुंबर आणि खांबांच्या सावल्या नीट पाहिल्या तर 'हॉलीवूडची नक्कल' हा शब्द पुरत नाही.

दुसरं म्हणजे गाणं. अमेरिकन गुन्हेपटात क्लबमधलं गाणं बहुतांशी वातावरणासाठी. आपल्याकडे ते कथेचं काम करतं. 'बाजी'त 'तदबीर से बिगड़ी हुई' म्हणजे जुगाराकडे दिलेलं उघड आमंत्रण आणि 'सुनो गजर क्या गाए' म्हणजे धोक्याचा इशारा. 'सीआयडी'त 'कहीं पे निगाहें' चालू असताना वहीदा रहमानची कामिनी खलनायकाला गुंतवून ठेवते आणि तेवढ्यात नायक निसटतो. हे गाणं पुढे ढकलणाऱ्याला पुढचं दृश्य कळणारच नाही. जुन्या टीव्ही प्रतींत वेळ वाचवायला गाणी कापायचे. अशा प्रतीवरून 'पटकथा विस्कळीत आहे' असा निकाल देऊ नये.

गच्चीवरचा_पडदा

+1. अंधेरी_पूर्व, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर एकेका शॉटमध्ये शोधावं लागतं. 'काग़ज़ के फूल' (1959) घ्या, हिंदीतला पहिला सिनेमास्कोप. 'वक़्त ने किया' गाण्यातला वरून तिरका उतरणारा प्रकाशझोत सगळ्यांना माहीत आहे. तो दिव्यानं केलेला नाही. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी दोन मोठे आरसे वापरले: एक बाहेर उन्हात, दुसरा आत उंचावर. बाहेरच्यानं ऊन आत फेकलं, आतल्यानं ते खाली वळवलं, आणि धुरात झोत दिसू लागला.

दिवा का चालला नसता? स्टुडिओतला दिवा कितीही मोठा असला तरी जवळ असतो, त्याचा झोत पुढे जाताना पसरत जातो, शंकूसारखा. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. म्हणून त्या झोताच्या दोन्ही कडा वरपासून खालपर्यंत जवळपास सारख्या अंतरावर राहतात. फ्रेम थांबवून पट्टी लावून बघा.

यातली अडचणही समजून घ्या. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. आरसा स्थिर ठेवला तर परावर्तित झोतही तेवढाच वळतो, आणि 20 मीटरवर एक अंश म्हणजे 35 सेंटिमीटर. एक टेक, मग पुन्हा तालीम, मग दुसरा टेक, एवढ्यात झोत नटाच्या खांद्यावरून घसरतो. आरशापाशी माणूस हवाच. आरसा वळवायचा तोही बेतानं, कारण आरसा एक अंश फिरला की झोत दोन अंश फिरतो.

धुराचं गणित वेगळं. धूर दिसतो तो उजेड मागून किंवा बाजूनं आला तरच. समोरून दिवा लावला तर धुरकट पडदा तयार होतो, चेहरे फिके पडतात आणि झोत नाहीसा होतो. म्हणजे पुढचे दिवे जवळपास विझवावे लागतात. विझवले की चेहऱ्यांवर काही उरत नाही. नटाचा भाव शरीराच्या बाह्यरेषेतूनच दिसणार हे आधी ठरवल्याशिवाय हा शॉट घेताच येत नाही. गुरुदत्त आणि वहीदा रहमान या दोघांनी दूर दूर उभं राहणं हाच तिथला अभिनय आहे. म्हणूनच 2.35:1 ची चौकट कापून जुन्या टीव्हीसाठी 1.33 केलेली प्रत पाहू नका. रुंदीचा 43 टक्के भाग जातो, दोघांतला एक चौकटीबाहेर किंवा मधली मोकळी जागा नाहीशी.

खिडकीतला_झोत

रात्रीचे बाहेरचे प्रसंग खरंच रात्री काढायचे का? फिल्म तेव्हा एवढी तेज नव्हती ना?

नेगेटिव्ह

दोन्ही चालायचं. कोडॅकची ट्राय-एक्स सिनेमासाठी 1954 मध्ये आली, तिच्यामुळे खऱ्या रस्त्यावर, कमी दिव्यांत काम करणं सोपं झालं. पण मोठा परिसर दाखवायचा तर दिवसाच काढून रात्र भासवायची.

कृती अशी. उन्हात, सूर्य पात्रांच्या मागे किंवा बाजूला ठेवून, दोन-एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी उजेड देऊन चित्रण. निळं आकाश काळं करायला लाल फिल्टर. 25 नंबरचा लाल फिल्टर आठपट उजेड खातो, म्हणजे तीन स्टॉप. अडचण चेहऱ्यांची: लाल फिल्टरमधून त्वचा खडूसारखी पांढरी येते, ओठ नाहीसे होतात. म्हणून माणसं जवळ असतील तर 23ए लाल आणि 56 हिरवा असे दोन एकत्र लावायचे, हिरव्यामुळे त्वचेचा टोन परत येतो.

ओळखायचं कसं? 'रात्री' जमिनीवर सावल्या आखीव, एकाच दिशेला आणि सगळ्या परिसरावर. ढग पांढरे चमकतात. खिडक्यांतले दिवे लागलेले नसतात, किंवा लागले तरी निस्तेज. आणि छायाचित्रकारानं क्षितिज टाळलेलं असतं, कारण क्षितिजाजवळ आकाश कमी निळं असतं, तिथे फिल्टर हरतो. खराब प्रत इथे दुहेरी मार देते: आधीच कमी उजेडाचं चित्रण, त्यात तीव्र प्रत, मग पडद्यावर नुसतं डांबर. तसंच उलटं, स्कॅन करणाऱ्यानं 'फार काळोख आहे' म्हणून उजळवलं तर रात्रीची भर दुपार होते आणि नायिका कंदील का घेऊन चाललीय ते कळत नाही.

सह्याद्री_टॉकीज

बाहेरच्या चित्रणाचं आणखी मोठं संकट 'मधुमती'वर (1958) आलं. बिमल रॉय नैनितालकडच्या डोंगरात चित्रण करून आले आणि फिल्म धुतल्यावर बराचसा भाग फॉग झालेला निघाला. फॉग म्हणजे इथे धुकं नव्हे, फिल्मच करपणं: नको तो उजेड किंवा उष्णता लागून अख्ख्या चौकटीवर राखाडी थर चढतो. प्रिंट काढताना तो घालवता येत नाही, कारण सावलीत जिथे काहीच नसायला हवं तिथेही रसायन काळवंडलेलं असतं. एवढ्या लांब पुन्हा जाणं शक्य नव्हतं. मग आपल्या इगतपुरीजवळ, वैतरणा धरणाच्या परिसरात सेट उभारून, पाइनची खोटी झाडं रोवून ते प्रसंग पुन्हा काढले. काही भाग आरे कॉलनीतही. कलादिग्दर्शन सुधेंदू रॉय यांचं, कॅमेरा दिलीप गुप्तांचा.

आता प्रत चांगली असेल तर जोड शोधायला मजा येते. एकाच प्रसंगात दरीचा लांबचा शॉट आणि माणसांचा जवळचा शॉट लागोपाठ आले की मागच्या टेकड्यांची धार बघा. हिमालयाच्या पायथ्याचा उतार झाडांनी भरलेला आणि पायरीपायरीनं मागे जाणारा. आपल्याकडचा कातळ तुटलेला, माथा सपाट. मधे धूर सोडून ही धार बुजवलेली असते, तीही तो फरक झाकायलाच, असं मी मानतो.

मंद्रसप्तक

मराठीतलं कुणी काही बोललंच नाही. 'पाठलाग' (1964)! राजा परांजपे यांचं दिग्दर्शन, जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून, काशीनाथ घाणेकर आणि भावना. वकिलाची बायको वारते आणि नंतर पोलिसांनी पकडलेली एक बाई 'मीच ती' म्हणून कोर्टात उभी राहते. राज खोसलांनी यावरूनच 'मेरा साया' (1966) केला, रंगीत. दोन्ही लागोपाठ पाहिले की कृष्णधवलानं काय काम केलं ते लख्ख कळतं. 'या डोळ्यांची दोन पाखरे'ची धून कथेत पुन्हा पुन्हा येते, आणि त्या वेळी चेहऱ्याचा अर्धा भाग सावलीत ठेवता आला की 'ही तीच की दुसरी' हा प्रश्न प्रकाशातूनच विचारता येतो. रंगात कपडे, पडदे, दागिने आधी डोळ्यात भरतात. साधना अप्रतिम आहे, संगीत मदनमोहनचं, तक्रार काहीच नाही, पण संशय 'पाठलाग'मध्ये जास्त बोचतो.

अंधेरी_पूर्व

हे पटलं. मग नंतर रंगवलेल्या प्रतींचं काय? 'हम दोनो' (1961) 2011 मध्ये रंगवून, रुंद पडद्यासाठी प्रदर्शित झाला होता. तरुण मुलांना कृष्णधवल लावलं की उठून जातात.

नेगेटिव्ह

रंगवलेली प्रत दाखवू नका, एवढंच म्हणेन. कृष्णधवलात पुढचा माणूस मागच्या भिंतीपासून उजेडाच्या फरकानं सुटा केलेला असतो: केसांच्या कडेला मागून दिवा, भिंत दोन छटा खाली. रंग चढवला की तो फरक रंगाचा फरक बनतो आणि मागच्या दिव्याची कड उगाचच चकाकणारी रेघ वाटते. टीव्हीवर सॅच्युरेशन शून्य केलं तरी मूळ चित्र परत मिळत नाही, कारण रंगवताना छटा हलवलेल्या असतात आणि चौकटही कापलेली असते.

सिंधुदुर्गी

आमच्या भागातल्या एका बंद थिएटरच्या मालकाकडे काही जुनी रिळं डब्यांत पडून आहेत. डबा उघडला की आंबट वास येतो. काय करावं? काही नावं पन्नाशीच्या दशकातली आहेत.

गच्चीवरचा_पडदा

आधी एक धोक्याची गोष्ट. 1952 च्या आधीची रिळं असतील तर ती नायट्रेटवर, म्हणजे जुन्या ज्वालाग्राही फिल्मवर असू शकतात. नायट्रेट पेटतं, आणि पेटलं की पाण्याखालीही जळत राहतं. फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' असं छापलेलं दिसतं का बघा. दिसलं नाही तर ते डबे घराबाहेर, सावलीत, हवेशीर जागी ठेवा, उघडझाप करू नका, जवळ विडी-सिगारेट-उदबत्ती काही नको, आणि कुरियरनं तर पाठवूच नका. पुण्यात 8 जानेवारी 2003 ला लागलेल्या आगीत चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेटचा मोठा साठा गेला, त्यात मूकपटांच्या काळापासूनचा ऐवज होता.

आंबट वास मात्र बहुधा अ‍ॅसिटेटचा, म्हणजे 'सेफ्टी' फिल्मचा. व्हिनेगरचाच वास तो, कारण फिल्मचा पाया कुजून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं. कोकणातल्या दमट उष्म्यात ते लवकर सुरू होतं आणि एकदा सुरू झालं की स्वतःच वेग घेतं. उलटवता येत नाही, फक्त मंदावता येतं. वास येणारे डबे बाकीच्यांपासून वेगळे करा, नाहीतर वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. गंजलेले पत्र्याचे डबे काढून हवा खेळेल असे प्लॅस्टिकचे डबे घ्या. रीळ आडवं ठेवा, उभं नको. जबरदस्तीनं उलगडू नका. आकसलेल्या फिल्मची भोकं जुन्या प्रोजेक्टरच्या दात्यांत बसत नाहीत, लावलीत की टराटरा फाटेल. आकसलेली फिल्म बिनदात्यांच्या स्कॅनरवर उतरवता येते, ते काम संग्रहालयाचं.

डब्यांवरची नावं, रिळांची संख्या, कडेला छापलेला मजकूर आणि एक-दोन चौकटींचे फोटो एवढं घेऊन पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क करा. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशनही आहे. सिनेमा प्रसिद्ध नसला, रिळं अर्धीच असली तरी कळवा. गाजलेल्या सिनेमाच्याही चालू प्रतीत एखादं रीळ कुठल्या तरी तालुक्याच्या प्रिंटवरून घेतलेलं असू शकतं, आणि कुठलं रीळ कुठे कामी येईल हे डबा बघून आपल्याला ठरवता येत नाही.

सिंधुदुर्गी

फोटो काढायला या रविवारी जातोय. कडेला 'सेफ्टी' दिसतंय का तेवढं आधी बघतो आणि इथेच कळवतो.